एका कढईतलं जेवण

मैत्रिणींनो, संध्याकाळी सहा वाजता दाराशी चपला काढताना तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे मला विचारायला नको. खांद्यावरची पिशवी अजून खाली उतरलेली नसते, पण डोकं मात्र केव्हाच फ्रिज उघडून आत शिरलेलं असतं. कणीक मळून ठेवली होती का? सकाळची उसळ किती उरली असेल? कोथिंबीर पिवळी तर पडली नसेल? मी साताऱ्यात एका शाळेत दुपारच्या सत्रात मराठी शिकवते. नोकरी अर्धवेळ आहे. हा 'अर्धवेळ' शब्द फार फसवा हं! पगार अर्धा असतो, एवढंच त्यात खरं. तपासायच्या वह्या घरी येतात त्या पूर्णवेळ, आणि घर तर कधी अर्धवेळ नसतंच.

अशाच एका संध्याकाळची ही हकिगत आहे. तिच्यातून निघालेली एक पाककृतीही देणार आहे, तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा.

आमची लेक आठवीत आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती मशरूमचा 'क्रीमी पास्ता' खाऊन आली आणि मग आठ दिवस तिला दुसरं काही सुचेना. ''आई, एकाच भांड्यात होतो गं. वीस मिनिटांत!'' वीस मिनिटं हे शब्द ऐकले आणि मी भुलले. बुधवारी शाळेतून येताना मशरूमची दोन पाकिटं आणि पास्त्याचं एक, असं घेऊन आले. मशरूम पालेभाजीसारखी पाण्यात बुडवून ठेवली. मोठ्या कढईत तेल तापवलं, कांदा परतला, त्यात ती ओली मशरूम एकदम ओतली, वर पाणी, त्यात पास्ता. रंग यावा म्हणून माझ्या मनानंच दोन टोमॅटो चिरून घातले. आणि खळखळ उकळी आल्यावर वरून अर्धा लिटर दूध!

व्हायचं तेच झालं. दूध फाटलं. चोथा एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे आणि त्यात करड्या रंगाचे मशरूमचे तुकडे तरंगताहेत. पास्ता बाहेरून गिळगिळीत, आतून कच्चा. लेकीनं निमूट खाल्लं, कारण हट्ट तिचा होता. ह्यांनी दोन घास घेतले आणि अगदी हळू, मला लागू नये अशा आवाजात विचारलं, ''पोळी आहे का गं एखादी?''

पावणेनऊ वाजले होते. मी उठले. परात काढली, कणीक भिजवली आणि आठ पोळ्या लाटल्या. खरं सांगते, लाटताना डोळ्यांत पाणी येत होतं. ह्यांनी वाईट काहीच म्हटलं नव्हतं. उलट ''राहू दे, थोडा भात खातो,'' असंही म्हणाले होते. पण ज्या घरात पोळी झाली नाही त्या घरात स्वयंपाकच झाला नाही, हे त्यांच्याइतकंच माझ्याही हाडीमासी खिळलेलं आहे. मला कुणी उठवलं नव्हतं, मीच उठले. दिवसभर उभं राहून तीन वर्ग घेतल्याचा शीण झाला नव्हता तेवढा त्या आठ पोळ्यांचा झाला.

सासूबाईंनी त्या दिवशी दहीभात खाल्ला. आई अळंबी खात नाहीत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलंच आहे. त्यांना कुणी विचारतही नाही. तर मी पोळ्या लाटत असताना त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, कढईत डोकावल्या आणि म्हणाल्या, ''अगं, अळंबीत पाणी कशाला घातलंस? तिचं पाणी तिलाच पुरतं. ते आटलं की मग तेल दाखवायचं.''

माझं लाटणं थांबलं. ''आई, तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर खात नाही.''

''खात नाही,'' त्या म्हणाल्या. ''पण खात होते.''

त्यांचं माहेर संगमेश्वराच्या बाजूचं, आडगावातलं. पावसाळ्यात दोन-चार दिवस धुवाधार पाऊस पडून उघडीप झाली की गुरं राखणारी पोरं वारुळांच्या आजूबाजूला फिरत आणि सागाच्या पानांत गुंडाळून अळंबी घेऊन येत. पांढुरकी, छत्रीसारखी, लांब देठाची. माजघरात ती शिजवायची नाही, असा त्यांच्या आजीचा दंडक होता, म्हणून पडवीत तीन दगडांची चूल मांडून आई ती वेगळ्या मडक्यात करायची. कांदा, लाल मिरची, ओलं खोबरं, बस्स. ''वास असा सुटायचा की आजीसुद्धा दोनदा पडवीत येऊन जायची. म्हणायची, बघायला आले!'' हे सांगताना सासूबाई हसल्या. मग लग्न होऊन त्या इकडे आल्या. पहिल्याच पावसाळ्यात कौतुकानं अळंबीचा विषय काढला, तर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, ''असलं काही आपल्यात खात नाहीत हो.'' झालं. त्या दिवसापासून त्याही तेच म्हणायला लागल्या. ह्या गोष्टीला एकोणपन्नास वर्षं झाली. मी ह्या घरात येऊन चौदा वर्षं झाली, आणि 'खात नाही' म्हणजे 'आवडत नाही' असंच मी आजवर धरून चालले होते.

आता त्या रानच्या अळंबीबद्दल दोन शब्द, कारण पावसाळ्यात पुष्कळ गावांच्या बाजारात ती दिसते. वाळवी आपल्या वारुळात स्वतःच्या खाण्यासाठी एक बुरशी वाढवते, तिलाच पावसाळ्यात ही छत्री फुटते. म्हणून ती मिळते ती फक्त रानात. आपल्याला पाकिटात मिळतात ती बटण मशरूम निराळी. त्यांची लागवड करतात. पण मैत्रिणींनो, सहलीला गेलात आणि गवतात छत्र्या दिसल्या म्हणून तोडून आणू नका. विषारी जाती दिसायला अगदी साध्या असतात, आणि शिजवल्यानं सगळ्यांचं विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा पडतो, किड्यानं खाल्लेली असली की चांगली, ह्या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. पिढ्यान् पिढ्या ती ओळखणारं माणूस बरोबर असेल तरच, नाहीतर पाकिटातली बरी.

''पण ही तुझी कुठे उगवते?'' हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न. पाकिटावरून काही कळेना, म्हणून मी शोधून काढलं. गव्हाचं काड आणि कोंबडीखत कुजवून त्याचं कंपोस्ट करतात, वाफेनं तापवून त्यातले नको ते जंतू मारतात, मग त्यात बुरशीचं बियाणं मिसळतात. त्याच्यावर नारळाच्या भुशासारख्या स्वच्छ पदार्थाचा थर देतात, आणि मशरूम उगवतात त्या थरातून. आपल्याकडे ह्या लागवडीचं मोठं सरकारी संशोधन केंद्र हिमाचल प्रदेशात सोलनला १९८३ सालापासून आहे. हे सगळं वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ''मेथी तरी कुठे गुलाबपाण्यावर वाढते?'' त्यांचा तेवढ्यात निकाल लागला. तुमच्याकडे वडीलधाऱ्यांना पटत नसेल, किंवा चातुर्मास पाळत असतील, तर आग्रह करू नका; पण एकदा विचारून मात्र बघा. आम्ही विचारलं नव्हतं.

दुसरा प्रश्न पोळीचा होता. तो सोडवला चकोल्यांनी. विदर्भात ज्यांना वरणफळं म्हणतात त्याच ह्या चकोल्या. उकळत्या आमटीत कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे, ते आमटीतच शिजतात, आणि कणकेतला स्टार्च उतरून आमटी आपोआप दाट होते. वरून तुपाची धार घातली की झालं जेवण. चकोल्या असल्या की हे कधी पोळी मागत नाहीत! मग मी दुसऱ्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी विषय काढला. म्हटलं, ''पास्ता म्हणजे इटलीच्या चकोल्या. गहूच आहे तो. त्याच्याबरोबर पोळी म्हणजे पोळीशी पोळी.'' हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, ''बरं. पण मग चकोल्यांसारखा कर.''

बोलण्याच्या ओघात बोललेलं ते वाक्य, पण पाककृतीची सगळी किल्ली त्यात आहे. इटलीत पास्ता करायची नेहमीची पद्धत म्हणजे भरपूर पाण्यात, म्हणजे शंभर ग्रॅमला एक लिटरच्या हिशेबानं उकडून पाणी निथळून टाकायचं. एकाच भांड्यात सगळं मोजून घालून शिजवायची युक्ती मार्था स्ट्युअर्ट बाईंच्या अमेरिकेतल्या मासिकानं २०१३ साली छापली आणि ती जगभर गेली. पाणी टाकायचं नाही, त्यामुळे उतरलेला स्टार्च भांड्यातच राहतो आणि तोच रस्सा दाट करतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होतंच. चकोल्या जमणाऱ्या बाईला हा पास्ता न जमायला काही कारण नाही. मला पहिल्यांदा जमला नाही, कारण मी तो चकोल्यांसारखा केला नव्हता, खिरीसारखा केला होता!

पास्ता घेताना पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' असं लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू, ज्याचा रवा उपम्याला मोकळा होतो तो. इटलीत तर सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा असला पाहिजे असा १९६७ सालापासून कायदाच आहे. हा गहू कडक, त्याचा पास्ता शिजूनही तुकडा धरून राहतो. मैद्याची स्वस्त मॅकरोनी उकडून निथळायला एक वेळ चालेल, पण ह्या पद्धतीत तिचा लगदा होतो.

मशरूम घेताना ती टोपीखाली मिटलेली, कोरडी, घट्ट अशी पाहून घ्यावीत. पाकिटात आतून पाणी जमलं असेल, किंवा हाताला चिकट लागत असतील तर नकोत. दोन-तीन तपकिरी ठिपके असले तर बिघडत नाही. घरी आणल्यावर प्लॅस्टिकमधून काढून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस राहतात.

आता कृती.

साहित्य (चौघांसाठी) : पेने किंवा तसाच आखूड पास्ता २५० ग्रॅम, बटण मशरूम ४०० ग्रॅम म्हणजे दोन पाकिटं, एक मोठा कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, लोणी दोन मोठे चमचे, पाणी ७०० मिली, दूध २०० मिली, घरची साय अर्धी वाटी, कणीक एक छोटा चमचा, ओवा दोन चिमट्या, मीठ, मिरपूड, चीजचा एक क्यूब, कोथिंबीर.

कृती : मशरूम नळाखाली झटपट धुवून लगेच फडक्यावर कोरडी करावीत आणि जाडसर चकत्या कराव्यात. फार पातळ केल्या तर नंतर सापडत नाहीत! एका बाजूला पातेल्यात मोजून पाणी उकळत ठेवावं. दुसऱ्या गॅसवर मोठी पसरट कढई चांगली तापवावी आणि त्यात तेल-तूप काही न घालता मशरूम आणि चिमूटभर मीठ घालावं. कढई काठोकाठ भरलेली दिसेल, घाबरू नये. मशरूममध्ये शंभरात नव्वद भागांहून जास्त पाणीच असतं. दोन-तीन मिनिटांत ते सुटून सगळं रश्शासारखं दिसू लागेल. हीच जागा चुकायची. इथे गॅस कमी करू नये, झाकण ठेवू नये, आणि 'शिजलं' असं समजून पुढे जाऊ नये. पाणी पूर्ण आटू द्यावं. आठ-दहा मिनिटं लागतात. आवाजाकडे कान ठेवावा. आधी बुडबुड, मग चुरचुर. चुरचुर सुरू झाली की लोणी घालावं आणि कडा तांबूस होईपर्यंत परतावं. जास्त परतलं तर मऊ पडतील ही भीती नको. भाजी शिजून गळते तशी मशरूम गळत नाहीत. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, ते उष्णतेला दाद देत नाही. ती रबरासारखी लागतात ती पाण्यात उकडली म्हणून, जास्त परतली म्हणून नव्हे.

थोडी मशरूम वर पेरायला काढून ठेवावीत. उरलेल्यांत चिरलेला कांदा आणि ठेचलेला लसूण घालून कांदा मऊ होईपर्यंत परतावं. ओवा तळव्यावर चोळून टाकावा. पाककृतीत थाइम नावाची पानं लिहिलेली असतात, ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पण थाइमचा वास ज्या द्रव्याचा, ते थायमॉल आपल्या ओव्यातही असतं. दोनच चिमट्या, अधिक घातला तर पोटदुखीच्या काढ्याची आठवण होते.

आता पास्ता घालून अर्धा मिनिट हलवावं आणि उकळतं पाणी ओतावं. मीठ जपून घालावं, एक छोटा चमचा सपाट; पाणी निथळायचं नसल्यामुळे घातलेलं सगळं मीठ ताटात येतं, आणि चीजमध्ये असतं ते वेगळंच. पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतकं, दहा-बारा मिनिटं, मध्यम आचेवर उघडंच शिजू द्यावं. ह्या वेळात ओटा सोडून वह्या तपासायला बसू नये. दर मिनिट-दोन मिनिटांनी उलथन्यानं तळापासून हलवावं, नाहीतर पास्ता तळाला धरतो. हलवल्यानं स्टार्चही नीट सुटतो. एक नळी दाताखाली तोडून बघावी. मधे पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून दोन मिनिटं. पाणी कमी पडलं तर गरम पाण्याचा हबका.

पास्ता शिजला आणि तळाशी बोटभर दाटसर रस उरला, की गॅस अगदी बारीक करावा. दोन चमचे थंड दुधात कणीक गुठळी न होता कालवून ती उरलेल्या दुधात मिसळावी आणि ते कढईत घालावं. कणकेनं दूध फाटत नाही. दूध सुरुवातीला कधीही घालू नये. तळाला लागतं, उतू जातं, आणि पास्ता शिजायला वेळही लागतो. टोमॅटो किंवा लिंबू तर ह्यात नकोच, माझं दूध फाटलं ते टोमॅटोच्या आंबटपणानं आणि खळखळ उकळीनं. दोन मिनिटं हलवून गॅस बंद करावा, आणि मगच फेटलेली साय, किसलेलं चीज आणि मिरपूड घालावी. डब्यातलं क्रीम आणायची काही गरज नाही. म्हशीच्या दुधाची साय, जराही आंबूस नसलेली, त्याहून चांगली. आमटीपेक्षा किंचित दाट असतानाच वाढावं, ताटात बसल्या बसल्या तो आणखी घट्ट होतो. वरून राखलेली मशरूम आणि कोथिंबीर.

चीजबद्दल एक सूचना, शाकाहारी घरांसाठी. खरं इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटनंच करतात, तसा त्याचा नियमच आहे. तेव्हा महाग चीज आणलंत तर पाकिटावर हिरवी खूण आहे का, ते बघून घ्या. आपल्या नेहमीच्या क्यूबनं चवीत काही अडत नाही.

मशरूममध्ये प्रथिनं भरपूर, असं सगळीकडे ऐकू येतं. तेही जरा तपासून घ्यावं. शंभर ग्रॅम ताज्या मशरूममध्ये प्रथिनं साधारण तीनच ग्रॅम असतात, म्हणजे ह्या कढईत प्रथिनं जास्त येतात ती गव्हातून आणि दुधातून. वाढत्या वयाची मुलं असतील तर पास्ता शिजायच्या शेवटच्या पाच मिनिटांत वाटीभर मटार टाका किंवा पनीरचे तुकडे घाला. बाजूला काकडीची कोशिंबीर असली की मला तरी ताट पुरं वाटतं. उरला तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी थोडं दूध घालून बारीक गॅसवर गरम करावा. उन्हाळ्यात मात्र मुलांच्या डब्यात देऊ नका, दुधाचा पदार्थ आहे.

आता तुम्ही विचाराल, वीस मिनिटांत होतो का? नाही होत. चिरण्यापासून वाढण्यापर्यंत मला चाळीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं म्हणणाऱ्यांनी मशरूमचं पाणी आटू दिलेलं नसतं. पण ह्या चाळीस मिनिटांत सगळं जेवण होतं आणि घासायला एक कढई, एक पातेलं. पोळी-भाजी-आमटी-भाताला माझा सव्वा तास जातो. उरलेल्या अर्ध्या तासात मी काय करते म्हणाल, तर खुर्चीवर बसते. नुसती बसते.

दुसऱ्या वेळी जमला. सासूबाईंना मी पास्ता घालायच्या आधीच, मशरूम तांबूस झाली तेव्हा, बशीत चार चकत्या काढून दिल्या. मीठ-मिरपूड, बाकी काही नाही. त्यांनी उभ्यानंच, ओट्याशी टेकून खाल्ल्या. मी मुद्दाम कांदा चिरत राहिले, त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, ''तिची सर नाही. तो वास नाही हिला.'' मग बशी पुढे केली. ''अजून दे चार.''

पास्ता काही त्यांना आवडला नाही. ''रबरी शेवया'' म्हणाल्या आणि आपला दहीभात घेतला. लेकीनं तीनदा वाढून घेतला. ह्यांनीही खाल्ला, पोटभर खाल्ला, आणि शेवटी जरा घुटमळले. मी आमच्या चहाच्या वेळच्या बोलण्याची आठवण करून द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आपणच उठले, डब्यातली सकाळची अर्धी पोळी काढली आणि कढईच्या तळाशी राहिलेला दाट रस तिनं पुसून खाल्ला. ''चकोल्यांनंतर काय करतो मी? तेच,'' म्हणाले. त्या रात्री कढई त्यांनी घासली. तळाशी थोडं धरलं होतं, ते रात्रभर भिजत न ठेवता तारेनं खसाखसा घासून माझ्या नव्या कढईवर दोन चरे उमटवले, ते सोडा.

गेल्या बुधवारी मी शाळेतून आले तर ओट्यावर मशरूमची तीन पाकिटं. सासूबाई कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या. नारळ खवून ठेवलेला, लाल मिरच्या भिजत घातलेल्या. ''दोनाचा तुझा तो पास्ता कर,'' म्हणाल्या, ''एक मला दे. माझ्या आईसारखी होते का बघते.'' खोबऱ्यातली ती अळंबी झाली, आणि तिचा वास लागून लेक पास्ता सोडून आजीच्या पानाशी जाऊन बसली. आता असल्या भाजीला काहीतरी बरोबर हवंच की. मी परात काढली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.